बाबा कुठे बसलेत?

संघातले सगळे तिला ताई म्हणायचे. कप्तानाची आई मात्र डॉक्टरबाई म्हणायची. 'अहो काकू, मी डॉक्टर नाही, फिजिओ आहे,' असं सांगून सांगून ताईने शेवटी नाद सोडून दिला होता. वर्षातले अकरा महिने ती सरकारी दवाखान्याच्या तळमजल्यावर आखडलेल्या खांद्यांशी आणि कुरकुरणाऱ्या गुडघ्यांशी झटापट करायची, आणि उरलेला महिना रजा टाकून देशाच्या रग्बी संघाबरोबर फिरायची. नऊ वर्षं झाली होती. घरी नवरा म्हणायचा, तुला आमचे हातपाय दुखलेले दिसत नाहीत, कारण आम्ही जर्सी घालत नाही.

कप्तानाला सगळे बगळा म्हणत. पाय लांब, मान लांब, आणि मैदानावर उभा राहिला की एक पाय किंचित उचलून धरायची खोड. वय चौतीस. एरवी पोस्टात टपाल वेगळं करायचं काम करायचा. या खेळात चौतीस म्हणजे म्हातारपणच, त्यामुळे ही स्पर्धा शेवटची हे त्याने जाहीर करून टाकलं होतं. आसपासच्या आठ देशांचे संघ यंदा त्यांच्याच गावात आले होते. अंतिम फेरीत पोचणारे दोन संघ पुढच्या मोठ्या पात्रता स्पर्धेला जाणार होते. बाकीच्यांनी घरी जायचं.

बगळ्याचे बाबा पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्ह उघडायचं-बंद करायचं काम करत. ड्यूटी संपली की खाकी शर्टातच मैदानावर यायचे आणि कोपऱ्यातल्या झेंड्यामागे, सगळ्यात खालच्या पायरीवर बसायचे. खेळ समजायला त्यांना दोन वर्षं लागली. रग्बीत चेंडू हाताने फक्त मागेच फेकता येतो. "पुढे जायचंय तर चेंडू मागे का फेकता रे?" हा त्यांचा प्रश्न संघात इतका गाजला होता की सराव करताना कुणाचा पास चुकला की पोरं एकमेकांना तोच ऐकवायची.

ते आठ महिन्यांपूर्वी गेले. रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. संघ तेव्हा सरावासाठी परदेशात होता. एक विमान चुकलं, दुसरं रद्द झालं, आणि बगळा घरी पोचला तो तिसऱ्या दिवशी, सगळं उरकल्यावर. नवव्या दिवशी तो सरावाला हजर. सगळ्यांनी त्याच्या धीराचं कौतुक केलं. ताईच्या हाताला मात्र वेगळंच लागत होतं. त्याची मान आणि खांदे लाकडासारखे झाले होते. एकदा मालिश करता करता ती म्हणाली होती, "बोल रे काहीतरी." त्यावर तो म्हणाला, "ताई, जरा डावीकडे." तिने डावीकडे दाबलं. विषय तिथेच संपला.

या स्पर्धेला पहिल्यांदाच त्याची आई आली होती. आजवर ती घरीच थांबायची. पोराला कुणी खाली पाडतंय हे बघणं तिच्याच्याने होत नसे. या खेपेस मात्र दोन्ही दिवस सकाळपासून पाण्याची बाटली आणि उन्हाची छत्री घेऊन ती स्टँडमध्ये वरच्या रांगेत बसली होती. खालच्या पायरीवर बसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपांत्य सामना होता. सातजणांच्या रग्बीत सामना चौदा मिनिटांचा असतो. सात मिनिटं, मग घोटभर पाणी पिण्यापुरती विश्रांती, आणि पुन्हा सात. तेवढ्यात माणसाचा पार पिट्ट्या पडतो. शेवटची दोन मिनिटं राहिली होती आणि बगळ्याचा संघ चौदा-बारा असा पुढे होता. समोरच्या संघाचा एक दांडगा गडी सुसाट आला. बगळ्याने त्याला कमरेत धरून पाडलं, पण पडताना त्या गड्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. बगळा क्षणभर पडून राहिला आणि मग उठला. उठून हातही वर केला, म्हणजे ठीक आहे. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

ताई सीमारेषेवर उभी होती. ती त्याच्या पायांकडे बघत होती. पंचांनी शिट्टी मारली, दोन्ही संघ आपापल्या बाजूला गेले, आणि बगळा शांतपणे चालत जाऊन समोरच्या संघाच्या रांगेत उभा राहिला. त्यांचाच एक खेळाडू त्याच्याकडे बघून हसला.

 पिशवी उचलून ताई धावली. जवळ जाऊन तिने त्याचा दंड धरला आणि विचारलं, कालचा शेवटचा सामना कुणाशी होता? तो म्हणाला, "काल? काल तर प्रवास होता ना." तिने पंचांकडे बघून हात हलवला. तो बाहेर.

रेषेवर कोच होता. आडव्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. त्याने बगळ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "दोन मिनिटं राहिलीत, ताई."

"त्याची संपली," ताई म्हणाली.

कोचच्या जबड्याचं हाड हललेलं तिला दिसलं. बदली खेळाडू आत गेला. ताई बगळ्याला घेऊन स्टँडखालच्या बोगद्यातून प्रथमोपचाराच्या खोलीकडे निघाली. खोलीच्या दारापाशी पोचेस्तोवर वरून एकदम आरडाओरडा झाला. तो दुसऱ्या संघाच्या पाठीराख्यांचा होता, हे तिला सुरावरूनच कळलं. सतरा-चौदा. शेवटच्या क्षणी कोपऱ्यात रेषेपलीकडे चेंडू टेकवून पाच गुण घेतले त्यांनी. जिथे एरवी बगळा उभा असायचा, त्याच कोपऱ्यात.

खोली लहानशी होती. एक पलंग, एक लोखंडी कपाट, हात धुवायचं बेसिन आणि वर छताला लागून एक अरुंद खिडकी. खिडकीतून मैदानावर चालणाऱ्यांचे फक्त बूट दिसत. स्पर्धेच्या डॉक्टरने येऊन त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला, हातापायांची ताकद पाहिली, बोटं मोजायला लावली. ओकारी नाही, नाडी ठीक, पण डोक्याचा स्कॅन हवाच, असं तो म्हणाला. मैदानावरची रुग्णवाहिका सामने चालू असताना हलवता येत नव्हती. दुसरी बोलावली होती, तिला अर्धा तास लागणार होता. तोवर त्याला एकटं सोडू नका आणि झोपू देऊ नका, असं बजावून डॉक्टर पुढच्या सामन्याला गेला.

बगळा पलंगावर उशीला टेकून बसला. ताईने कानशिलावर बर्फ धरला. त्याने खोलीभर नजर फिरवली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "ताई, बाबा कुठे बसलेत?"

ताईला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग वाटलं, तो काही वेगळं विचारतोय. ती सहज बोलून गेली, "अरे, बाबा नाहीत ना आता."

"नाहीत म्हणजे?"

त्याचा चेहरा बघितल्यावर तिने जीभ चावली, पण उशीर झाला होता. तिला सांगावं लागलं. आठ महिने झाले, झोपेतच गेले, तू परदेशात होतास. बगळा तिच्याकडे बघत राहिला. मग तो उंचापुरा माणूस गुडघ्यांत डोकं घालून असा रडला की ताईच्या हातातला बर्फ खाली पडला. नऊ वर्षांत तिने त्याचं मोडलेलं बोट सरळ केलं होतं, निखळलेला खांदा बसवला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी कधी पाहिलं नव्हतं. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार?

हळूहळू तो शांत झाला. नाक पुसलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या, आणि मग त्या विरल्या.

"स्कोअर काय झाला?" त्याने विचारलं. "ताई, बाबा कुठे बसलेत?"

 मेंदूला मार लागला की असं होतं, हे ताई पुस्तकात शिकली होती. मागचे काही महिने पुसल्यासारखे होतात, नवीन काही टिकत नाही, माणूस तेच तेच विचारत राहतो, आणि बहुधा काही तासांत सगळं ठिकाणावर येतं. पुस्तकात हे चार ओळींत होतं. अशा माणसाला काय उत्तर द्यायचं, हे त्या चार ओळींत नव्हतं.

"असतील इथेच," ती म्हणाली.

तो हसला. "झेंड्यापाशी असतील. त्यांना म्हणावं, टोपी घाला, ऊन आहे."

तिने 'बरं' म्हटलं आणि बेसिनपाशी जाऊन विनाकारण हात धुतले. चार-पाच मिनिटांनी त्याने पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली. या वेळी तो कुजबुजत म्हणाला, ही शेवटची स्पर्धा आहे हे मी बाबांना अजून सांगितलं नाहीये, त्यांना वाईट वाटेल, आज संध्याकाळी सांगतो.  खोटं बोलून आपण त्याला सुख देतोय की फसवतोय, हे ताईचं ताईलाच कळत नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर काकू उभ्या होत्या, एका हातात छत्री आणि दुसऱ्यात बाटली. बोगद्याच्या तोंडावरच्या रखवालदाराने त्यांना अडवलं होतं. मी त्याची आई आहे, एवढं एकच वाक्य त्या त्याला पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या आणि शेवटी त्याने हात टेकले.

ताईने दार अर्धवट ओढून घेतलं आणि बाहेर उभं राहून त्यांना सगळं सांगितलं. जिवाला धोका दिसत नाही, स्कॅन व्हायचाय, आठवण गडबडलीय. आणि मग, मनाचा हिय्या करून, तो काय विचारतोय तेही सांगितलं. काकू भिंतीला टेकल्या.

"तुम्ही काय सांगितलंत, डॉक्टरबाई?"

"एकदा खरं. मग दोनदा खोटं."

काकूंनी छत्री भिंतीशी उभी केली. पदराने चेहरा पुसला. बोगद्यातून पुढच्या सामन्याचे खेळाडू बूट खडखडवत गेले. "मी बघते," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यांना बघून बगळा चकितच झाला. "आई? तू कशी आलीस? तू तर कधी येत नाहीस." आणि लगेच, "बाबा कुठेत?"

काकू पलंगाच्या कडेला बसल्या. त्याचा हात हातात घेतला. "बाबा गेले रे," त्या म्हणाल्या. "आठ महिने झाले. झोपेत गेले. त्रास नाही झाला त्यांना."

तो पुन्हा तसाच रडला, अगदी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. काकूंनी त्याचं डोकं छातीशी धरलं आणि त्याही रडल्या. ताई भिंतीकडे तोंड करून कपाटातल्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या नीट लावत बसली. त्या आधीच नीट लावलेल्या होत्या.

पाच मिनिटांनी त्याने विचारलं, "आई, तू कशी आलीस? बाबा कुठेत?"

आणि काकूंनी पुन्हा सांगितलं. तेच शब्द, तोच हळू आवाज. तो पुन्हा कोसळला. ताईला ते बघवेना. तो जरा शांत झाल्यावर तिने काकूंना खुणेने दाराशी बोलावलं. तिचा आवाज जरा चढलाच. उगाच का हा त्रास, संध्याकाळपर्यंत त्याचं त्यालाच आठवेल, तोवर म्हणा की ड्यूटीवर आहेत, असं ती म्हणाली.

काकू रागावल्या नाहीत. त्या दाराच्या कडीशी बोटांनी चाळा करत होत्या.

"तो आला ना तिसऱ्या दिवशी," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला म्हणाला, आई, तू रडू नकोस, मी आहे ना. मग मी रडले नाही. तोही रडला नाही. माणसं म्हणायची, काय धीराची आहेत मायलेकरं. आठ महिने आम्ही दोघं एका घरात नुसता धीर धरून बसलोय, डॉक्टरबाई. त्याच्या खोलीचं दार बंद झालं की मी उशीत तोंड खुपसायची. तो काय करायचा, मला माहीत नाही." त्या थांबल्या. "त्याला दुखतंय हे मला दिसतंय. पण खोटं सांगायला माझी जीभ उचलत नाही. आणि त्याच्याबरोबर रडायला मला आजच मिळालंय."

 ताई बाजूला झाली.

तिसऱ्यांदा त्याने विचारलं, तेव्हा काकूंनी सांगता सांगता थोडं जास्त सांगितलं. आदल्या संध्याकाळी बाबा न्हाणीघरातला गळका नळ दुरुस्त करत बसले होते. गावभर पाणी सोडणाऱ्याच्या घरचा नळ गळावा, याचा त्यांना फार राग होता. तासभर खटपट करून त्यांनी नळ बसवला आणि तो आणखीच जोरात गळायला लागला. बगळा रडता रडता मध्येच हसला. काकूही हसल्या. नाक ओढत त्या म्हणाल्या, "मग म्हणाले, उद्या बघू. चहा मागितला अर्धा कप. तुझं विमान कधी आहे ते विचारलं. मला म्हणाले, सकाळी उठवू नकोस गं, सुट्टी आहे."

हे त्या कुणालाच बोलल्या नव्हत्या. कुणी विचारलंच नव्हतं.

बगळ्याने डोळे पुसले.  वरच्या खिडकीतून पळणारे बूट दिसत होते. ताई घड्याळ बघत होती. पाच मिनिटं झाली, सहा झाली. आता विचारेल, म्हणून ती श्वास रोखून बसली. काकूंनीही हातरुमाल मुठीत घट्ट धरला होता.

बगळ्याने आईकडे बघितलं. कपाळाला त्याच आठ्या पडल्या.

"आई," तो म्हणाला, "बाबा गेले ना?"

"हो रे."

"मी उशिरा पोचलो."

"तुझी चूक नव्हती ती. विमान रद्द झालं होतं."

"हो," तो सावकाश म्हणाला, जणू हे त्याला लांबून दिसत होतं. "रद्द झालं होतं." त्याने आईचा हात सोडला नाही. ताईने विचारलं, कालचा शेवटचा सामना कुणाशी होता? त्याने विचार करून बरोबर उत्तर दिलं. आजचं मात्र काहीच आठवत नव्हतं.

रुग्णवाहिका आली. स्ट्रेचर नको, मी चालतो, असं तो म्हणायला लागला, तेव्हा काकूंनी नुसतं डोळे मोठे केले. चौतीस वर्षांचा कप्तान मुकाट्याने आडवा झाला.

स्कॅन साफ निघाला. तिसऱ्या क्रमांकाचा सामना संघ त्याच्याशिवाय खेळला आणि जिंकला, पण पात्रतेचं दार सकाळीच बंद झालं होतं. हॉस्पिटलच्या बाकावर बसून ताई तोच हिशोब करत होती. दोन मिनिटं. ती दोन मिनिटं तिने त्याला उभं राहू दिलं असतं तर? मग दुसरा गुडघा बसला असता तर? संध्याकाळी कोच आला. अंगावर अजून मैदानाची माती. हातात कागदी कपातले दोन चहा होते, त्यातला एक त्याने तिच्यासमोर धरला. शेजारी बसला. बाक करकरलं.

"मी त्याच्या पायांकडे बघितलंच नव्हतं," तो म्हणाला. "घड्याळच बघत होतो."

ताई म्हणाली, घड्याळ बघणं तुमचं कामच आहे. चहात साखर फार होती. तिने तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

एक रात्र देखरेखीखाली ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी बगळ्याला सोडणार होते. ताई त्याला बघायला गेली तेव्हा तो खिडकीशी खुर्ची ओढून बसला होता. कानशिल जांभळं झालेलं. काकू घरी जाऊन त्याचे कपडे आणणार होत्या. रग्बी आता कायमची बंद, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं त्याने स्वतःच सांगितलं. तसंही थांबायचंच होतं, असंही म्हणाला. मग जरा घुटमळला.

"ताई, त्या खोलीतलं मला काहीच आठवत नाही. आईला विचारलं, तर म्हणते, काही नाही, बसलो होतो गप्पा मारत. पण आज उठलो तर डोळे सुजलेत. डोक्याला लागलं म्हणून कुणाचे डोळे सुजतात का?"

ताईने क्षणभर विचार केला. फिजिओने रोग्याला काय सांगावं, याचे काही नियम असतात. मग तिने दुसरी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. पहिल्यांदा आपण कसं चुकून सांगून बसलो ते, मग दोनदा आपण खोटं बोललो ते, आणि काकूंनी तीनदा खरं सांगितलं ते. दाराशी काकू काय बोलल्या, तेही तिने लपवलं नाही. बाबांच्या शेवटच्या दिवसाचंही त्या बोलल्या, एवढं म्हणाली; नळाचं मात्र सांगितलं नाही. ते सांगणं तिचं नव्हतं.

बगळा खाली मान घालून ऐकत होता. लांबलचक बोटं गुडघ्यांवर पसरलेली.

"उशीत तोंड खुपसायची?" त्याने विचारलं.

"असं म्हणाल्या."

"मी नळ सोडायचो," तो म्हणाला. "आंघोळीला गेलो की पूर्ण सोडायचो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तिला वाटायचं, पाणी वाया घालवतोय. ओरडायची."

ताईने त्याच्या मानेवर हात ठेवला. सवयीने अंगठा खांद्याच्या कडेपर्यंत नेला. स्नायू अजून आखडलेलेच होते, पण दाबले की हलत होते.

काकू आल्या. हातात कपड्यांची पिशवी. ताईला बघून त्या म्हणाल्या, बरं झालं डॉक्टरबाई तुम्ही आलात, हा काही ऐकत नाही, याला सांगा की घरी आठ दिवस झोपून राहायचं. ताईने मान डोलावली. बगळा उठायला लागला, तशी त्यांनी त्याला दटावून खाली बसवलं आणि पिशवीतले कपडे बाहेर काढून शर्ट पुढे केला.

शर्टात हात घालता घालता तो म्हणाला, "आई, बाबांचं सांग ना."

काकूंनी आधी ताईकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "काय सांगू?"

"शेवटच्या दिवसाचं. काल सांगितलंस म्हणे. मी विसरलो."

काकू पलंगावर बसल्या. रिकामी पिशवी मांडीवर घेऊन तिची घडी घालायला लागल्या. घडी काही जमेना. ताई उठली, दवाखान्यात कामावर जायला उशीर होतोय, असं काहीतरी पुटपुटली आणि बाहेर पडली. दार ओढून घेताना तिला काकूंचा आवाज ऐकू आला.

"त्या दिवशी ना," त्या सांगत होत्या, "ते दुपारीच घरी आले होते."

ही सुरुवात काल नव्हती.